फेविकॉलशिवाय कपाट: खोलता-जोडता येणारे सांधे पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

लालबागला आमच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत एक कपाट होतं. मिस्त्रीने ते खोलीतच बसून बनवलेलं. प्लाय वर आला फळ्या-फळ्यांनी आणि कपाट जागेवर उभं राहिलं, त्यामुळे ते कधी बाहेर काढावं लागेल हा विचार कोणाच्याच डोक्यात आला नाही. चाळ पुनर्विकासाला गेली, भाड्याच्या घरात सामान हलवायची वेळ आली आणि कपाट जिन्याच्या पहिल्याच वळणावर अडकलं. आडवं करून पाहिलं, उभं करून पाहिलं, कठड्याच्या दोन पट्ट्या काढून पाहिल्या. शेवटी बाबांनीच करवत मागवली. सांधा सुटेना म्हणून फळी कापली, आणि कापलेल्या जागी पाहिलं तर सांधा जसाच्या तसा धडधाकट.

त्या मिस्त्रीचं काम वाईट नव्हतंच. उलट फारच चांगलं होतं. पण अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर राहणाऱ्या माणसाला आयुष्यभर न हलणारा सांधा काय कामाचा? त्याला हवा तो चार वर्षं घट्ट बसणारा आणि पाचव्या वर्षी एका स्क्रू ड्रायव्हरने सुटणारा. असे सांधे घरी, स्वतः, पहिल्यांदाच करायचे असतील तर कुठून सुरुवात करायची, ते इथे सांगतो. सुतारकाम माझा पोटापाण्याचा धंदा नाही. शनिवार-रविवारी बाल्कनीत करतो, आणि चुका भरपूर केल्यात.

कल्पना काही नवी नाही. जुन्या पलंगांच्या पाट्या खोबणीत बसवून पाचर ठोकलेली असायची, पाचर काढली की पलंग मोकळा. व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीची 1859 सालची 14 नंबरची खुर्ची वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या सहा तुकड्यांची होती, स्क्रू-नटांनी जोडायची, आणि सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावायच्या. बरोबर शंभर वर्षांनी, 1959 मध्ये, आपल्याकडे फेविकॉल आला आणि सुतारांचं काम इतकं सोपं झालं की सुटणारा सांधा मागे पडला. मग 2020 च्या डिसेंबरात तुर्भ्याला आयकिया उघडलं आणि घराघरात लोक जमिनीवर बसून एलन की (षटकोनी किल्ली) फिरवायला लागले.

कोणता सांधा कशासाठी

दुकानात गेलात की समोर पंधरा प्रकार येतील. नवख्याला त्यातले चार पुरतात.

पहिला मिनिफिक्स. हे नाव खरं तर हेफेले या जर्मन कंपनीचं, पण मुंबईच्या हार्डवेअर बाजारात कोणाच्याही मालाला मिनिफिक्सच म्हणतात. याचे दोन भाग. एका फळीच्या अंगात बसणारा बोल्ट, ज्याचं डोकं बाहेर राहतं, आणि दुसऱ्या फळीच्या पोटात बसणारी 15 मिमी व्यासाची गोल चकती, म्हणजे कॅम. चकतीच्या आत सरकत गेलेली खाच असते. बोल्टचं डोकं तिच्यात शिरलं आणि चकती फिरवली की ती डोक्याला आत ओढते आणि दोन फळ्या एकमेकींवर आवळल्या जातात. बाहेरून काही दिसत नाही. पुस्तकांचं कपाट, टीव्ही युनिट, स्वयंपाकघरातले खण, सगळ्याला हाच.

दुसरा कन्फर्मॅट. जाडजूड, बोथट टोकाचा, खोल आट्यांचा स्क्रू. 7 बाय 50 मिमीचा सर्रास मिळतो. एका फळीतून आरपार जाऊन दुसरीच्या कडेत शिरतो. भोकं पाडायला सगळ्यात सोपा, चूक झाली तरी निभावून नेणारा. पण डोकं बाहेर दिसतं, त्यावर प्लॅस्टिकची टोपी लावावी लागते. आणि आटे थेट लाकडात पडत असल्याने चार-पाच वेळा खोल-जोड केली की पकड सैल होते. पोटमाळ्याच्या रॅकला किंवा सिंकखालच्या खणाला चालेल.

तिसरा बोल्ट आणि आडवा नट. नट म्हणजे 10 मिमी जाडीचा लोखंडी गोल तुकडा, त्याच्या कमरेला आरपार एम-6 आट्यांचं भोक. तो लाकडात आडवा बसतो, बोल्ट समोरून येऊन त्यात पिळला जातो. इथे लोखंड लोखंडाला धरतं, लाकूड फक्त मध्ये दाबलं जातं, म्हणून कितीही वेळा खोला, झीज नाही. पलंग आणि टेबल यांना हाच घ्या. पलंगाला मिनिफिक्स लावून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. पलंग दोन्ही दिशांना हेलकावे खातो आणि त्या चकतीला तो ताण सोसत नाही.

चौथा लाकडी खुंटी, म्हणजे डॉवेल, 8 मिमीची. ती ओढत नाही, फक्त फळी सरकू देत नाही. वजन खुंटीवर, आवळणं मिनिफिक्सवर, अशी वाटणी. गोंद न लावताच ठेवायची.

स्विस लॅमेलो कंपनीचे खाचेत सरकणारे जोड फार देखणे असतात, पण त्यांना खाच पाडायचं खास मशीन लागतं आणि त्या मशीनच्या किमतीत तुमची तीन कपाटं होतील. सध्या विसरा.

खरेदी

फिटिंग आणि बिट यांसाठी मी मशीद बंदर स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटला जातो. क्रॉफर्ड मार्केटच्या मागचा तो सगळा भाग हत्यारांचाच आहे. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. घ्यायचं ते असं: मिनिफिक्सचे सेट हवे त्यापेक्षा दोन-तीन जास्त, 8 मिमीच्या खुंट्या, 5 आणि 8 मिमीचे लाकडाचे ड्रिल बिट (मधे टोक असलेले), 15 मिमीचा फोर्स्टनर बिट (सपाट तळाचं गोल भोक पाडणारा), 8 मिमीचे डॉवेल सेंटर, आणि गुण्या (काटकोन बघायचं हत्यार) नसेल तर गुण्या. डॉवेल सेंटर म्हणजे छोटी लोखंडी टोपी, एका बाजूला अणकुचीदार टोक असलेली. दुकानदाराला नाव कळलं नाही तर चित्र दाखवा. बाकी कशावर काटकसर केली तरी चालेल, हिच्यावर नको.

मिनिफिक्स घेताना दोन गोष्टी विचारा. फळीची जाडी किती त्याप्रमाणे कॅमची खोली बदलते, 16 मिमीला वेगळा आणि 18 मिमीला वेगळा. आणि बोल्ट 24 चा की 34 चा? म्हणजे फळीच्या कडेपासून चकतीच्या मध्यापर्यंतचं अंतर. मी 34 चा वापरतो, पुढची सगळी मापं त्याचीच आहेत.

प्लाय घेताना दुकानात कापलेल्या तुकड्याची कड बघा. थरांच्या मध्ये काळ्या फटी दिसल्या तर तो प्लाय या कामाचा नाही. फेविकॉलच्या सांध्यात अशी फट खपून जाते. मिनिफिक्सची चकती मात्र नेमकी त्या फटीजवळ आली की आवळताना मधलं लाकूड चुरून जातं. साध्या खोलीला एमआर (दमट हवा सोसणारा) ग्रेड चालतो, सिंकखाली किंवा पाऊस येणाऱ्या खिडकीशेजारी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) घ्या. पार्टिकल बोर्ड घेणार असाल तर बोल्टसाठी प्लॅस्टिकची बुश (भोकात आधी बसवायची नळी) वापरा. नुसत्या बोर्डात आटे दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला भुसा होतात.

सूत आणि मिलिमीटर

इथे थोडं थांबतो, कारण माझी पहिली दोन कपाटं इथेच फसली.

आपला मिस्त्री सुतात बोलतो. एक इंच म्हणजे आठ सूत, म्हणजे एक सूत सव्वातीन मिलिमीटरपेक्षा जरासं कमी. फेविकॉल आणि खिळ्याच्या कामात अर्धं सूत इकडे-तिकडे झालं तर रंध्याने, पॉलिश पेपरने जुळवून घेता येतं. मिनिफिक्समध्ये अर्धं सूत चुकलं की बोल्टचं डोकं चकतीच्या तोंडासमोर येतच नाही. मी एका ओळखीच्या मिस्त्रीकडून एका फळीची भोकं पाडून घेतली होती, तो सांधा जुळेना. मिस्त्री म्हणाला, "थोडा फेविकॉल मारतो, आयुष्यभर हलणार नाही." तेच तर नको होतं.

दुसरी गंमत प्लायच्या जाडीची. 18 चा म्हणून घेतलेला प्लाय मोजला तर बऱ्याचदा साडेसतराच्या आसपास भरतो, आणि वर दोन्ही बाजूंना सनमायका चढला की वीसपर्यंत जातो. म्हणून "जाडीच्या मध्यावर भोक" हा नियम सोडून द्या. त्याऐवजी प्रत्येक फळीचं एक तोंड ठरवा, ज्या तोंडात चकती बसणार ते. त्यावर पेन्सिलने फुली मारा. कडेतलं भोक त्या तोंडापासून 9 मिमीवर घ्यायचं, मग फळी साडेसतराची असो की एकोणीसची. चकतीला फक्त तिच्या बाजूचं अंतर कळतं, पलीकडे किती लाकूड उरलंय याच्याशी तिला देणंघेणं नाही.

एक कपाट, सुरुवातीपासून

उदाहरणाला पुस्तकांचं कपाट घेऊ: उंची 1800, रुंदी 750, खोली 300, सगळं मिलिमीटरमध्ये. आठ बाय चारच्या एका 18 मिमी प्लायमध्ये ते बसतं. प्लाय 2440 बाय 1220 चा. दुकानातच मशीनवर लांबीच्या दिशेने 300 च्या चार पट्ट्या काढून घ्या. दोन पट्ट्यांतून 1800 च्या दोन उभ्या फळ्या. उरलेल्या दोन पट्ट्यांतून 714 च्या तीन-तीन आडव्या. 714 कारण 750 मधून दोन्ही बाजूंची 18-18 वजा. तुमचा प्लाय मोजून कमी-जास्त भरला तर तो आकडा बदला. सहापैकी तीन आडव्या पक्क्या (वरची, खालची, मधली) आणि तीन सुट्या, उभ्या फळ्यांच्या भोकांत खोचलेल्या छोट्या पिनांवर ठेवायच्या. सुट्यांची लांबी 2 मिमी कमी करा, नाहीतर पावसाळ्यात त्या निघत नाहीत. उभ्या पट्ट्यांचे सहाशेच्या वर लांबीचे दोन तुकडे उरतील. ते फेकू नका, पहिला सांधा त्यांच्यावरच करायचाय. पाठीला 6 मिमीचा प्लाय, 1800 बाय 750.

आधी कडेतली भोकं. प्रत्येक पक्क्या फळीच्या दोन्ही टोकांना, पुढच्या आणि मागच्या कडेपासून 50 मिमीवर मिनिफिक्स आणि त्याच्या आतल्या अंगाला 32 मिमीवर खुंटी. म्हणजे एका टोकाला चार भोकं, सगळी 8 मिमीची, सगळी फुलीच्या तोंडापासून 9 वर. मिनिफिक्सचं भोक 34 मिमी खोल, खुंटीचं 22 पुरे. बिटला त्या खोलीवर चिकटपट्टीचं निशाण गुंडाळा आणि शेपूट बाहेर सोडा. शेपटाने भुसा झाडायला सुरुवात केली की थांबायचं. ड्रिल कडेत सरळ जाणं हे सगळ्यात कठीण. डॉवेल जिग (बिट सरळ धरणारा साचा) मिळाला तर उत्तम, नाहीतर जाड लाकडाच्या ठोकळ्यात ड्रिल स्टँडवर 8 मिमीचं सरळ भोक पाडून घ्या आणि तो ठोकळा कडेवर क्लॅम्प करून त्यातून बिट घाला. आमच्या गल्लीतल्या फॅब्रिकेटरने असा ठोकळा पाच मिनिटांत करून दिला, वर चहाही पाजला.

आता डॉवेल सेंटरची करामत. कडेतल्या चारही भोकांत टोप्या बसवा, टोकं बाहेर. उभी फळी जमिनीवर सतरंजीवर आडवी टाका, आतलं तोंड वर. आडवी फळी जिथे यायची तिथे गुण्याने रेघ मारा, फळी रेघेला लावून उभी धरा आणि वरून मुठीने एक ठोसा द्या. चार बारीक खड्डे पडतात. तीच तुमच्या भोकांची जागा. मोजायचं नाही, त्यामुळे चुकायचं नाही. कोणती फळी कोणत्या टोकाने कुठे लागली ते मात्र लगेच लिहून ठेवा: "मधली-डावी", "वरची-उजवी". खड्डे पाडून झाल्यावर फळ्या उलट-सुलट झाल्या की एक अख्खा रविवार जातो. माझा गेलाय.

खड्ड्यांवर बोल्टसाठी 5 मिमीचं, 11 मिमी खोल भोक आणि खुंटीसाठी 8 मिमीचं, 10 खोल. बोल्ट हाताने स्क्रू ड्रायव्हरने पिळा, त्याची कॉलर फळीला टेकेपर्यंत. टेकल्यावर आणखी पिळलं तर आटे फिरून भोक मोकळं होतं.

मग चकतीचं घर, फुलीच्या तोंडावर. कडेपासून 34 मिमी, कडेतल्या भोकाच्या बरोबर रेषेत. फोर्स्टनर बिटने साडेतेरा मिमी खोल. 18 मधून साडेतेरा गेले, खाली साडेचार उरले, आणि फोर्स्टनरचं मधलं टोक पात्यांपेक्षा दोन-तीन मिमी पुढे असतं. म्हणजे खरी शिल्लक दोन मिमीच्या आसपास. माझ्या एका फळीवर समोरच्या सनमायक्यातून सुईएवढं टोक वर आलं होतं. त्यावर आता गणपतीचा स्टिकर आहे. ड्रिल हळू गतीवर ठेवा, एकदम पूर्ण खोल जाऊ नका, दर दोन मिमीला बिट काढून बघा. डोळ्यांना गॉगल लावा. आणि दुपारी दोन ते चार ड्रिल चालवू नका, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या काकू सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं नाव घेऊन लिहितील.

हे सगळं आधी त्या उरलेल्या दोन तुकड्यांवर एकदा करा. एक बोल्ट, एक चकती, एक खुंटी. आवळून बघा, सोडून बघा, पुन्हा आवळा. कुठे फट राहिली ते तिथेच कळतं.

सुट्या फळ्यांच्या पिनांसाठी 5 मिमीची भोकं, एकमेकांपासून 32 मिमीवर, पुढच्या कडेपासून 37 वर आणि मागूनही तेवढ्यावर. कारखान्यांत हीच पद्धत असल्याने पिना कुठेही मिळतात. एका पट्टीत भोकं पाडून तिचाच साचा करा, दोन्ही उभ्या फळ्यांना खालच्या टोकापासून तीच पट्टी लावा, म्हणजे फळ्या डगडगणार नाहीत.

जोडणी

एक उभी फळी आडवी, बोल्ट वर. खुंट्या आडव्या फळ्यांच्या कडेत बसवून घ्या. चकत्या घरात टाका. प्रत्येक चकतीवर बाण असतो, तो बोल्ट ज्या कडेतून येणार तिकडे हवा. बाण फिरलेला असेल तर डोकं आतच जात नाही आणि माणूस हातोडी शोधायला लागतो. हातोडी नको, बाण बघा. चकतीचं तोंड वरच्या फळीला वर ठेवा, मधल्या आणि खालच्या फळीला खाली, म्हणजे समोर उभं राहिलेल्याला एकही दिसत नाही.

तिन्ही फळ्या उभ्या केल्या, चकत्या अर्धवट आवळल्या, की वरून दुसरी उभी फळी बोल्ट खाली करून बसवायची. इथे दुसरा माणूस हवाच. मग सगळं पुढच्या बाजूवर पालथं घाला, पाठ वर, आणि चकत्या एकेक करून घट्ट करा. उजवीकडे, अर्ध्या फेऱ्याच्या आसपास. हाताला अडकल्यासारखं लागलं की थांबा. ड्रिल मशीनने चकती आवळू नका. ती जस्ताच्या मिश्रधातूची असते, कट्कन तुटते आणि तुटलेली चकती घरातून काढणं हे दात काढण्यासारखं आहे.

आता कर्ण मोजा. वर मुद्दाम 1800 आणि 750 घेतलंय, कारण त्याचा कर्ण बरोबर 1950 येतो, 5-12-13 चा शाळेतला त्रिकोण 150 ने वाढवलेला. दोन्ही कर्ण 1950 भरले की कपाट काटकोनात. एक मोठा आला तर त्या कोपऱ्यातून ढकला. मग लगेच पाठीचा प्लाय 25 मिमीच्या स्क्रूंनी बसवा, दर 200 मिमीला एक, आधी बारीक भोक पाडून. खिळे ठोकू नका, खिळ्यांनी खोलताना पाठ फाटते. कपाट डुलू न देण्याचं काम चकत्या करत नाहीत, ही सहा मिलिमीटरची पाठ करते. पुष्कळ जण पाठ टाळतात आणि मग सांधा ढिला झाला म्हणतात.

1800 उंच आणि 300 खोल कपाट पुस्तकांसकट पुढे झुकू शकतं, त्यात घरात चढणारं लहान मूल असेल तर विचारूच नका. वर एल-पट्टीने भिंतीला बांधा. घर भाड्याचं असेल तर भिंतीत एक भोक पाडायची परवानगी मालकाकडे आधीच मागून घ्या.

समुद्राची हवा बोल्टला गंज आणते. लावताना आट्यांवर मेणबत्ती घासली तर पाच वर्षांनी तोच बोल्ट हाताने सुटतो. खिडकीजवळच्या सामानाला एम-6 चे बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्या. पहिला पावसाळा संपला, दिवाळीची साफसफाई आली, की सगळ्या चकत्यांना एकदा स्क्रू ड्रायव्हर लावून बघा. लाकूड फुगून पुन्हा सुकतं, एखादी सैल झालेली असतेच.

खोलताना

आधी सुट्या फळ्या, मग पाठ, मग चकत्या डावीकडे अर्धा फेरा. फळी ओढू नका, दोन्ही टोकांना सारखी हलवत वर उचला, म्हणजे खुंटी तुटत नाही. फुगलेली खुंटी एका बाजूला अडकली तर अडकू द्या, ती तशीच पुढच्या घरी जाईल. बोल्ट उभ्या फळीतून काढायचे नाहीत, त्यांच्यावर कार्डबोर्डची पट्टी चिकटवा, नाहीतर टेम्पोत शेजारच्या फळीचा सनमायका खरवडतो. जोडताना लिहिलेली "मधली-डावी" ही नावं पुसली असतील तर आता परत लिहा. आपल्या छोट्या लिफ्टमध्ये 1800 ची फळी उभी जाते.

बारा चकत्या आणि पाठीचे स्क्रू एका झिपच्या पिशवीत घालून ती पिशवी मधल्या फळीलाच चिकटपट्टीने लावा. मागच्या शिफ्टिंगला मी ती "इथेच कुठेतरी" ठेवली होती. तीन दिवसांनी कुकरमध्ये सापडली, अकरा चकत्यांसह.